फोन उठेपर्यंत

गावित सर आमच्या ऑफिसात रुजू झाले त्या सकाळी त्यांच्यासाठी खुर्चीच नव्हती. नाशिकच्या सातपूरला एका दुमजली इमारतीत, खाली नटबोल्टचं गोदाम आणि वर आम्ही अकरा जण, असा आमचा कारभार होता. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. बाहेरची एक कंपनी खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या माणसांसाठी साधा, दणकट मोबाइल फोन बनवत होती आणि त्या फोनच्या आतली सगळी यंत्रणा, म्हणजे त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, तयार करून देण्याचं काम आमच्याकडे होतं. आमचे जोगळेकर साहेब म्हणाले, "बसा कुठंतरी, संध्याकाळपर्यंत खुर्ची येईल." सर खिडकीच्या कट्ट्यावर बसले. खुर्ची तिसऱ्या दिवशी आली. तोवर कट्ट्यावरच त्यांचं काम सुरू झालं होतं.

काम काय, तर फोन चालू करायचा, हातातलं स्टॉपवॉच दाबायचं, फोन पूर्ण जागा झाला की पुन्हा दाबायचं, आकडा वहीत लिहायचा आणि फोन बंद करायचा. परत चालू. आठवडाभर दुसरं काही नाही. पुण्याहून आलेल्या आमच्या दोघा-तिघा पोरांना हसू आवरत नव्हतं. एकानं तर विचारलंसुद्धा, "सर, बटण खराब झालं तर?"

"मग बटणाचंही कळेल," सर म्हणाले.

शनिवारी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "गावित, आठवड्यात काय झालं?"

"बघितलं."

"काय बघितलं?"

"कोण कोणासाठी थांबतंय ते."

आमचा फोन चालू व्हायला ऐंशी सेकंद लागायचे. आम्हाला कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. फोन काय, एकदा चालू केला की चालूच राहतो, असं आमचं मत. साहेबांनी सरांना घेतलं होतं ते मात्र यासाठीच, कारण फोन बनवणाऱ्या कंपनीनं तक्रार केली होती.

सर तेव्हा पस्तिशीचे असतील. बुटके, सावळे, केस बारीक कापलेले. शर्टाला कडक इस्त्री, पण कॉलर झिजलेली. चपला दाराबाहेर काढून येणारे ऑफिसात ते एकटेच. अकराच्या ठोक्याला डबा उघडायचे; त्यात नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि कसली तरी सुकी भाजी. गाव पेठच्याही पुढं, डोंगरात. आईवडील वर्षातले काही महिने दिंडोरीकडं द्राक्षाच्या छाटणीला यायचे, सर आश्रमशाळेत शिकायचे. पुढं डिप्लोमा केला आणि नव्वदच्या दशकात इथल्याच एका कारखान्यात विजेचे मीटर तपासायच्या कामाला लागले. संगणकाची भाषा कुणी शिकवली, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "कारखान्यात एक मशीन बिघडलं होतं. त्याचं पुस्तक कुणी वाचलं नव्हतं. मी वाचलं." एवढंच.

त्यांची वही मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चकित झाले. आम्ही सगळे इंग्रजीत नोंदी करायचो. सरांची वही पेन्सिलीनं लिहिलेली आणि अख्खी मराठीत. 'आधी घड्याळ उठतं. मग स्मरण. मग पडदा. पडदा कार्डासाठी का थांबतो? त्याचा काय संबंध?' असं पानच्या पान.

मी या फोनच्या पडद्यावर जे जे दिसतं, ते करायचे. चित्रं, अक्षरं, रंग. आतलं मला फारसं कळत नव्हतं. सरांनी समजावलं. "मॅडम, फोन उठतो म्हणजे आतली पन्नास-साठ कामं उठतात. आपण त्यांना रांगेत उभं केलंय. पुढचा उठला नाही तर मागचा उठत नाही. पण खरं बघितलं तर निम्म्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. त्यांना एकदम उठवलं तरी चालतंय. आणि काही तर असे, की त्यांना मागून उठवलं तरी कुणाचं अडत नाही."

"मग सोपं आहे की."

"सोपं आहे. पण कुणाचं कुणावाचून अडतं, ते नीट बघायला लागतं."

नीट बघणं म्हणजे काय, ते दुसऱ्याच महिन्यात कळलं. फोनच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये त्यांना एक ओळ सापडली. पडदा चालू झाल्यावर तीन सेकंद नुसतं थांबायचं, काहीही न करता. आमच्यातल्या कुणीही ती ओळ तिथल्या तिथं पुसून टाकली असती. सरांनी पुसली नाही. ती कुणी लिहिली याचा शोध सुरू केला. लिहिणारा मुलगा वर्षापूर्वी नोकरी सोडून बंगळूरला गेला होता. सरांनी चार दिवस खपून त्याचा नंबर मिळवला. तो म्हणाला, त्या वेळचे पडदे सदोष होते, लगेच चित्र पाठवलं की ते पांढरे पडायचे. म्हणून थांबा घातला. पडदे तर केव्हाच बदलले होते. सरांनी तरीही नवे वीस पडदे एकेक करून तपासले आणि मग ती ओळ काढली.

"इतकं कशाला?" साहेब वैतागले.

"कुणीतरी काहीतरी बघून लिहिलेलं असतं, साहेब. येड्यासारखं कुणी थांबत नाही."

कोण कोणासाठी थांबलंय, हा प्रश्न विचारायची त्यांना सवयच जडली होती. त्याचा प्रत्यय आमच्या घरच्यांनाही आला. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न गंगापूर रोडच्या कार्यालयात होतं. मुहूर्त सकाळचा. वेळ जवळ आली तरी काहीच हलेना. सगळे जण घड्याळाकडं आणि एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे. सर पहिल्या रांगेतून उठले आणि गुरुजींकडं गेले. "गुरुजी, आपण कोणासाठी थांबलात?"

गुरुजी म्हणाले, "यजमानांनी सांगितल्याशिवाय मी नवरदेवाला उभं करत नाही."

सर बाबांकडं गेले. बाबा आईच्या निरोपासाठी थांबले होते. आई मामाची वाट बघत होती, कारण मुलीला बोहल्यावर मामानं आणायचं. आणि मामा लासलगावहून निघून शहरातल्या द्वारका चौकात कांद्याच्या ट्रकांमागं अडकला होता.

"मामा आल्याशिवाय फक्त मुलगी बाहेर येणार नाही, एवढंच ना?" सरांनी आईला विचारलं. "बाकीचं कशाला अडलंय?"

खरंच, बाकीचं कशाला अडलं होतं, ते कुणालाच सांगता येईना. सर गुरुजींना म्हणाले, "नवरदेव उभा करा, अंतरपाट धरा, अक्षता वाटून घ्या. मी आलोच." आणि ते आपली जुनी स्कूटर काढून गेलेसुद्धा. गाडी आणि मामी चौकातच ठेवून मामाला त्यांनी स्कूटरच्या मागच्या सीटवर आणलं. फेट्याचा शेमला वाऱ्यानं सुटून मामाच्या गळ्यात पडला होता. मामा तसाच धावत आत गेला, भाचीला घेऊन आला, आणि मुहूर्ताच्या मिनिटावर मंगलाष्टकं सुरू झाली. जेवताना गुरुजींनी मला हळूच विचारलं, "हे गृहस्थ कोणत्या कार्यालयाचे मॅनेजर?"

त्याच सरांशी महिन्याभरानं माझं भांडण झालं.

फोन चालू होताना पडद्यावर सूर्य उगवायचा. डोंगरामागून वर येणारा, हळूहळू रंग बदलणारा सूर्य. तो मी केला होता. दोन महिने त्यावर घालवले होते. त्या फोनमधली माझी म्हणावी अशी एकच गोष्ट ती होती. एक दिवस सर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "मॅडम, आता फोन सूर्याच्या आधी उठतोय."

"म्हणजे?"

"आतलं सगळं तयार होतंय. पण सूर्य पूर्ण वर येईपर्यंत फोन हातात देत नाही. नऊ सेकंद."

मी चिडले. नको ते बोलले. तुम्हाला सुंदर गोष्टी कळत नाहीत, असंही म्हणाले. त्यांना वाईट वाटलं की नाही, चेहऱ्यावरून समजलं नाही. फक्त म्हणाले, "परवा पेठला जातोय, फोन बघायला. तुम्ही या."

पेठ तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात आमचे पाच फोन वापरून बघायला दिले होते. तिथल्या शेजवळ सिस्टर मूळच्या येवल्याच्या. पन्नाशीच्या, धिप्पाड, तोंडानं फटकळ. आम्ही गेलो तेव्हा त्या ओट्यावर बसून एका बाळाला लस टोचत होत्या. फोनचं विचारल्यावर म्हणाल्या, "फोन चांगला हाय, दादा. पडला तरी फुटत नाय. पण तो उठेपर्यंत बाई बाळंत व्हती."

मी म्हटलं, "पण सिस्टर, तुम्ही बंद कशाला करता? चालूच ठेवायचा."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी अजून विसरले नाही. "ताई, लाइट इथं दिसातून चार तास. तीबी आली तर. फोन चालू ठिवला तर दुपारपर्यंत मरतो. म्हणून बंद ठिवायचा, कामाला लागला की चालू करायचा. लय काम असलं की दिवसातून आठ-आठ येळा."

म्हणजे ऐंशी सेकंद, आठ वेळा. आणि ज्या वेळी चालू करायचा, ती वेळ नेमकी घाईची. माझा सूर्य सिस्टरांनी आजवर शेकडो वेळा पाहिला असेल. आवडला का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी स्वतःच तो सूर्य काढून टाकला. त्या जागी फक्त काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका ठेवला. सरांनी तो बघितला आणि म्हणाले, "ठिपका छान आहे." ती त्यांनी माझ्या कामाची केलेली एकमेव स्तुती.

पावसाळ्याच्या तोंडाला फोन एकोणीस सेकंदांत चालू व्हायला लागला. साहेबांनी पेढे आणले. कंपनीला आकडा कळवला. पाचही फोनांत नवी यंत्रणा भरून ते सिस्टरांकडं परत गेले.

जुलैच्या एका सकाळी ऑफिसचा फोन वाजला. सरांनीच घेतला. बोलणं सिस्टरांचं होतं, आम्हाला दिसत होते फक्त सर. ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, "पडद्यावर काय लिहून आलं होतं, ताई? जसंच्या तसं सांगा." मग पुन्हा ऐकत राहिले. फोन ठेवल्यावर ते कट्ट्यावर जाऊन बसले, त्यांची खुर्ची समोर रिकामी असताना.

झालं होतं ते असं. आदल्या दुपारी भात लावताना एका बाईला साप चावला. सिस्टरांनी फोन चालू केला. झटकन चालू झाला. जीपवाल्याचा आणि तालुक्याच्या डॉक्टरांचा नंबर काढायला त्यांनी नावांची यादी उघडली, तर यादी रिकामी. 'एकही नाव नाही.' त्यांना वाटलं, नंबर पुसले गेले. त्यांनी फोन बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा रिकामी. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी सायकलवर माणूस धाडला. जीप यायला पाऊण तास गेला. बाईला आधी तालुक्याला आणि तिथून नाशिकच्या दवाखान्यात हलवलं होतं. जगेल की नाही, ते कुणी सांगत नव्हतं.

नावं पुसली नव्हती. फोन लवकर चालू व्हावा म्हणून सरांनी सिम कार्डावरची नावं वाचायचं काम मागं ढकललं होतं. फोन उठल्यावर अर्ध्या मिनिटानं ती आपोआप यायची. सिस्टर तेवढं थांबल्या नव्हत्या. कशाला थांबतील? फोन तर चालू झालेला दिसत होता.

साहेबांनी कंपनीला कळवायचं पत्र लिहायला घेतलं. वापरणाऱ्या बाईंनी घाई केली, पुरेसा वेळ दिला नाही, असा मजकूर होता. सर त्यांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडं होतं, आम्ही सगळे ऐकत होतो.

"तसं लिहू नका, साहेब. घाई त्यांनी नाही, मी केली."

"गावित, काम हातचं जाईल. अकरा माणसं आहेत इथं."

"जाईल."

"आणि ते तुम्हाला चालेल?"

"नाही चालणार. पण फोन खोटं बोलला, साहेब. माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणायचं. एकही नाव नाही असं कसं म्हणाला? ते मी लिहिलंय. माझं नाव घाला."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग तो कागद फाडला. नवं पत्र सरांनी लिहिलं, साहेबांनी सही केली. कंपनी भडकली. सहा आठवडे आमचं काम बंद होतं. त्या सहा आठवड्यांत पुण्याची दोन पोरं सोडून गेली. जाताना त्यातला एक सरांना म्हणाला, "एवढं खरं बोलायची काही गरज नव्हती, सर." सर म्हणाले, "तुझं नुकसान झालं, ते खरंय." आणि त्याला खालपर्यंत सोडायला गेले.

ती साप चावलेली बाई अकरा दिवसांनी धोक्याबाहेर आली. एक पाय मात्र कायमचा अधू झाला. ते अकरा दिवस सर रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर दवाखान्यात जायचे, तिच्या नवऱ्यासाठी आणि सासूसाठी घरून डबा घेऊन. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पुढं कधीतरी सिस्टरांच्या तोंडून कळलं. "पहिल्याच दिशी त्यांनी त्या नवऱ्याला सांगितलं, चूक माझी हाय म्हणून," सिस्टर म्हणाल्या. "मी म्हनलं, दादा, मार खाल. तर म्हनले, खाईन." मार पडला नाही. तो नवरा नुसता त्यांच्या शेजारी बसून राहिला म्हणे.

काम पुन्हा सुरू झालं तेव्हा सरांनी रांग परत मांडली. अडीनडीचे चार नंबर वेगळ्या जागी ठेवले. फोन उठताक्षणी तेच आधी समोर. आणि बाकीची नावं येईपर्यंत पडद्यावर अक्षरं यायची: 'नावं वाचतोय, थांबा.' ती अक्षरं मी केली. मोठी, लांबूनही वाचता येतील अशी. या सगळ्यात एकोणिसाचे चोवीस सेकंद झाले. साहेबांना ते पाच सेकंद बोचत होते. एकोणिसाचा आकडा त्यांनी सगळीकडं सांगितला होता. सर ऐकेनात. चोवीसवरच फोन बाहेर पडला आणि पुढची अडीच-तीन वर्षं डोंगरातल्या किती तरी सिस्टरांच्या पिशव्यांत राहिला.

मग बोटानं चालणारे मोठ्या पडद्याचे फोन आले. कंपनीनं आमचा फोन बंद केला. दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात ऑफिसही बंद झालं. टेबलं, पंखे खालच्या गोदामवाल्यानं घेतले. मी नाशिकरोडला दुसरीकडं लागले. सर पेठकडं मुलींना रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकवणाऱ्या एका शाळेत गेले असं कळलं. साहेबांना ते पटलं नव्हतं. "मुंबईत कुणीही उचललं असतं त्यांना," असं ते मला दोनदा म्हणाले.

पुढच्या वर्षी एका लग्नासाठी आम्ही वलसाडला निघालो होतो. पेठला बस चहासाठी थांबली. पलीकडच्या दुकानाच्या ओट्यावर सात-आठ मुली गोल करून बसल्या होत्या, मध्ये उघडा केलेला टीव्ही आणि टीव्हीपाशी मांडी घालून सर. मी रस्ता ओलांडायला निघाले आणि निम्म्यातच उभी राहिले.

सर बोलत होते. भराभर, हातवारे करत, कुणाची तरी नक्कल करत, त्यांच्या घरच्या, कोकणा या आदिवासी बोलीत. एका मुलीनं पेचकस भलत्याच जागी घातला, तर त्यांनी कपाळावर हात मारून असं काही म्हटलं की मुली एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. त्यांचं पुन्हा सुरू. एका दमात ते जेवढं बोलले, तेवढं आमच्या ऑफिसात महिन्याभरातही बोलले नसतील. मला त्यातला एखाददुसरा शब्द लागत होता, बाकी काही नाही. चार वर्षं मी या माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसले होते, आणि त्यांना कमी बोलायला आवडतं असं समजत होते.

बसवाल्यानं हॉर्न दिला. सरांचं लक्ष नव्हतं. मी हाक मारली नाही. मारली असती, तर त्यांना माझ्यासाठी मराठीत यावं लागलं असतं.